टेनिसच्या तालमीतला वस्ताद

टेनिस हा खेळ आपल्या खेड्यापाड्यांतून फारसा कुणी खेळत नाही. मैदान आखायचे, जाळे बांधायचे, रॅकेटी आणायच्या, चेंडू आणायचे. हा सगळा खर्चाचा मामला. तेव्हा अमेरिकेतल्या एका टेनिस शिकवणाऱ्या गृहस्थाची हकीकत आम्हांला कशाला सांगता, असे कुणी विचारले तर त्याचा प्रश्न रास्तच आहे. पण ही हकीकत जेवढी टेनिसची आहे, तेवढीच शाळा-कॉलेजची आहे. मुलगा धावण्यात, कुस्तीत किंवा कबड्डीत चमकू लागला की घरात एक वाद हमखास सुरू होतो. आई म्हणते, आधी मॅट्रिक होऊ दे. चुलता म्हणतो, याच्यात गुण आहे, कोल्हापूरला तालमीत ठेवा. आणि शेवटी दोघेही येतात गुरुजींकडे: ‘गुरुजी, तुम्हीच सांगा काय करायचं.’ गुरुजी मंडळींना हा प्रसंग नवा नाही. ज्या माणसाची हकीकत मी सांगणार आहे, त्याच्या दारातही हा प्रश्न येऊन उभा राहिला होता. आणि तोही स्वतःच्या मुलाच्या रूपाने.

या गृहस्थांचे नाव ब्रायन शेल्टन. जन्म डिसेंबर १९६५ मधला, अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या अलाबामा राज्यातल्या हंट्सव्हिल गावचा. अलाबामा हा जुना कापसाचा मुलूख, आपल्या वऱ्हाडासारखा. पण हंट्सव्हिलची ओळख पुढे वेगळी झाली. चंद्रावर माणूस नेणारे अग्निबाण ज्या केंद्रात आखले गेले ते केंद्र या गावात आहे. शेल्टन हे कृष्णवर्णीय. ते जन्मले त्याच वर्षी मार्च महिन्यात याच राज्यातल्या सेल्मा गावाहून कृष्णवर्णीयांनी मतदानाच्या हक्कासाठी मोर्चा काढला होता आणि त्यांच्यावर पोलिसांच्या लाठ्या चालल्या होत्या. आणि त्याच १९६५ साली आर्थर ॲश नावाचा एक कृष्णवर्णीय विद्यार्थी कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठातून अमेरिकेतल्या कॉलेजांचा टेनिस-विजेता ठरला. हाच ॲश १९७५ साली विम्बल्डन जिंकला. एकाच देशातल्या, एकाच वर्षातल्या या दोन गोष्टी ध्यानात ठेवा, म्हणजे अलाबामातल्या मुलाने हाती टेनिसची रॅकेट घेण्याला काय वजन होते ते कळेल. हा खेळ तोवर बहुतांशी गोऱ्या लोकांच्या क्लबांतला मानला जाई.

आता तिकडच्या कॉलेजच्या खेळांविषयी दोन शब्द सांगायला हवेत, नाहीतर पुढचे काही उलगडणार नाही. आपल्याकडे कॉलेजचा खेळ म्हणजे बहुधा वर्षातून एकदा होणाऱ्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. अमेरिकेत तसे नाही. तिथे कॉलेजचा संघ म्हणजे गावाचा, राज्याचा अभिमान. खेळणाऱ्या मुलाला शिष्यवृत्ती मिळते; फी, राहणे, जेवण, पुस्तके यांचा खर्च कॉलेज उचलते. मोबदल्यात मुलाने संघाकडून खेळायचे आणि अभ्यासातही ठरलेल्या पायरीच्या खाली घसरायचे नाही. गुण कमी पडले की संघातून बाहेर. खेळाच्या नावाखाली मुलांना दिवसभर राबवू नये म्हणून तासांचाही हिशेब आहे. हंगामात आठवड्याला २० तासांहून अधिक सक्तीचा सराव घेता येत नाही. हे सारे नियम करणारी देशव्यापी संघटना आहे, तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला एन.सी.ए.ए. म्हणतात. आपण तिला नुसते ‘संघटना’ म्हणू.

शेल्टन अशाच शिष्यवृत्तीच्या वाटेने अटलांटा शहरातल्या जॉर्जिया टेक या संस्थेत गेले. ही संस्था इंजिनिअरिंगसाठी नावाजलेली. तिथे चार वर्षे ते संघातून खेळले, आणि १९८९ साली औद्योगिक इंजिनिअरिंगची पदवीही त्यांनी घेतली. ही पदवी लक्षात ठेवा. कारण त्यानंतर ते धंदेवाईक खेळाडू म्हणून देशोदेशी फिरू लागले, आणि त्या धंद्यात उद्याची भाकरी ठरलेली नसते.

तिथे त्यांचे कसे चालले? नीट सांगायचे तर मध्यम. जगातल्या खेळाडूंची क्रमवारी लावतात, तीत त्यांनी गाठलेली सर्वांत वरची जागा ५५वी, १९९२ सालची. एकूण दोन स्पर्धा त्यांनी जिंकल्या, १९९१ आणि १९९२, लागोपाठ दोन वर्षे, एकाच ठिकाणी: अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या न्यूपोर्ट गावी. हे न्यूपोर्ट आपल्या लोकांनाही परके नाही बरे का. १८८१ साली अमेरिकेची पहिली राष्ट्रीय टेनिस स्पर्धा तिथेच झाली. तिथले मैदान गवताचे. गवतावर चेंडू उसळत नाही, खाली सरपटत जातो, म्हणून सर्व्हिस जोरकस असणाऱ्याची तिथे चलती. मद्रासच्या विजय अमृतराजांनी ही स्पर्धा तीनदा जिंकली, १९७६, १९८० आणि १९८४ साली. १९९८ साली लिअँडर पेस तिथे जिंकले, ज्यांच्या घराण्याचे मूळ गोव्यातले. एकेरीतले त्यांचे एवढेच मोठे विजेतेपद. आणि जुलै २०२४ मध्ये या दोघांचीही नावे न्यूपोर्टच्याच टेनिस-कीर्तिमंदिरात दाखल झाली.

शेल्टन यांचा सर्वांत गाजलेला दिवस मात्र विम्बल्डनचा, १९९४ सालचा. त्या वर्षी त्यांची क्रमवारी इतकी घसरली होती की मुख्य स्पर्धेत थेट प्रवेशही नव्हता. आधी पात्रता फेऱ्या खेळा, जिंका, मग मुख्य दारातून आत या, अशी गत. ते आत आले, आणि पहिल्याच फेरीत समोर कोण? जर्मनीचा मिखाएल स्टिख. १९९१ चा विम्बल्डन-विजेता आणि त्या वर्षी स्पर्धेतला दुसऱ्या मानांकनाचा खेळाडू. सगळ्यांनी निकाल मनात लिहूनच ठेवला असणार. शेल्टननी त्याला सरळ तीन सेटमध्ये हरवले. एकही सेट न गमावता! मग आणखी दोन फेऱ्या जिंकून चौथीत ते हरले. पण त्या पंधरवड्यात त्यांचे नाव पेपरात आले ते आले.

१९९७ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, त्यांनी धंदेवाईक खेळ सोडला. आता पहा, ज्याने विम्बल्डन जिंकले आहे त्याला पुढची चिंता नसते. पण ५५व्या क्रमांकाच्या माणसाचे काय? त्याने इतकी वर्षे पोट बांधून मेहनत केलेली असते, पन्नास गावांची पाणी प्यालेला असतो, खेळातले बारकावे त्याला कळत असतात, आणि एके दिवशी गुडघे-खांदे म्हणतात, ‘पुरे’. आपल्याकडे असा पहिलवान गावी येतो, चार म्हशी पाळतो आणि संध्याकाळी तालमीत पोरांना डाव शिकवतो. मला तर वाटते, उत्तम वस्ताद बहुधा असाच माणूस होतो. फार मोठ्या खेळाडूला कित्येक गोष्टी जन्मतःच येतात. त्या कशा येतात हे त्याला दुसऱ्याला सांगता येत नाही. मधल्या फळीतल्याला प्रत्येक गोष्ट झगडून मिळवावी लागते, म्हणून तिची वाट त्याच्या ध्यानात राहते.

१९९९ साली शेल्टन आपल्याच जुन्या संस्थेत, जॉर्जिया टेकमध्ये, परत आले. मुलांच्या नव्हे, मुलींच्या संघाचे प्रशिक्षक म्हणून. एकट्याने खेळण्याची सवय असलेल्या माणसाला इथे पहिली गोष्ट शिकावी लागली ती ही, की कॉलेजचे टेनिस एकट्याचे नसतेच. त्याची रीत अशी. एका संघातून सहाजणी एकेरी खेळतात, आणि तीन जोड्या दुहेरी. दुहेरीच्या तीनपैकी दोन सामने जिंकणाऱ्या संघाला मिळून एक गुण. एकेरीच्या प्रत्येक सामन्याला एक-एक गुण. म्हणजे एकूण सात. ज्याचे आधी चार झाले तो संघ जिंकला. सहाही सामने शेजारशेजारच्या मैदानांवर एकदम चालू असतात. तेव्हा पहिल्या क्रमांकाची तुमची खेळाडू कितीही तालेवार असो, तिचा गुण एकच. आणि सहाव्या क्रमांकावरची, जिला बघायला कुणी उभे नसते, तिचाही गुण एकच. शेवटचा गुण तिच्याच रॅकेटवर येऊन ठेपला की मग सगळे गाव तिच्या कुंपणाशी गोळा होते. खो-खोत कसे, शेवटच्या तुकडीतला गडी किती मिनिटे तग धरतो त्यावर डाव फिरतो, तसेच हे.

म्हणून कॉलेजच्या प्रशिक्षकाचे कसब पहिल्या खेळाडूपेक्षा पाचव्या-सहाव्या खेळाडूत दिसते. त्यांना कमी लेखले, की संघ गेलाच.

आणखी एक फरक आहे. धंदेवाईक टेनिसमध्ये कितीतरी वर्षे असा दंडक होता की सामना चालू असताना गुरूने शिष्याला चकार शब्द सांगायचा नाही. बाहेरून नुसते बघत बसायचे. पुरुषांच्या स्पर्धांत २०२२ पासून प्रयोग म्हणून आणि २०२५ पासून रीतसर नियमाने ही बंदी सैल झाली. कॉलेजच्या खेळात मात्र प्रशिक्षकाला मैदानावर जाऊन दोन गोष्टी सांगायची मुभा आधीपासूनच होती. सहा मैदाने, एक मुख्य प्रशिक्षक, हाताशी एखादा साहाय्यक. कुठल्या मैदानावर जाऊन बसायचे? जी हरते आहे तिच्याजवळ, की जी जिंकता जिंकता घाबरली आहे तिच्याजवळ? एका वर्गात चार इयत्ता घेऊन बसणाऱ्या शिक्षकाला ही कसरत वेगळी समजावून सांगायला नको.

मुलींच्या संघांत त्या काळी दबदबा होता कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचा. २००४, २००५ आणि २००६ अशी लागोपाठ तीन वर्षे राष्ट्रीय अजिंक्यपद त्यांच्याकडे गेले होते. २००७ साली अथेन्स गावी (ग्रीस देशातले नव्हे, जॉर्जिया राज्यातले) झालेल्या अंतिम सामन्यात शेल्टन यांच्या मुलींनी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाला ४-२ असे हरवले आणि अजिंक्यपद घेतले. जॉर्जिया टेक ही संस्था १८८५ साली स्थापन झालेली. तिच्या इतिहासात कोणत्याही खेळात संघटनेचे सांघिक अजिंक्यपद मिळाल्याची ही पहिलीच वेळ. तिथे फुटबॉलचे केवढे वेड! पण तिथल्या बड्या फुटबॉलचा विजेता ही संघटना ठरवत नाही, त्यामुळे तो मान गेला टेनिसच्या मुलींकडे. पुढच्या वर्षी, २००८ मध्ये, त्याच संघातली अमांडा मॅक्डॉवेल देशातल्या सगळ्या कॉलेज-मुलींत एकेरीची विजेती ठरली.

या दोन्ही वर्षांशी आपलाही धागा जुळलेला आहे. २००७ मध्ये त्याच अथेन्स गावी मुलांची एकेरीही झाली आणि ती जिंकली आपल्या सोमदेव देववर्मन यांनी. ते तेव्हा व्हर्जिनिया विद्यापीठाचे विद्यार्थी. अंतिम सामन्यात समोर होता जॉन इस्नर, पुढे विम्बल्डनवर तीन दिवस चाललेला ११ तास ५ मिनिटांचा सामना जिंकून अमर झालेला उंचपुरा गडी. अथेन्स हे इस्नरच्याच विद्यापीठाचे गाव, प्रेक्षक सगळे त्याचे. तरी सोमदेव तिसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये जिंकले. २००८ सालीही ते पुन्हा विजेते. तेव्हा अभ्यास आणि टेनिस यांची सांगड घालणारी ही वाट हिंदुस्थानी मुलांनीही चोखाळून पाहिलेली आहे.

२०१२ साली शेल्टननी संस्था बदलली. फ्लोरिडा विद्यापीठाने त्यांना बोलावले, आणि या वेळी मुलांच्या संघासाठी. त्या विद्यापीठाच्या मुलींनी २०११ आणि २०१२ अशी दोन्ही वर्षे अजिंक्यपद मिळवले होते. मुलांकडे आजवर एकदाही आले नव्हते. इथे शेल्टन यांच्यासमोर वेगळाच हिशेब आला. संघटनेच्या तेव्हाच्या नियमांप्रमाणे मुलींच्या टेनिस संघाला आठ पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत, आणि मुलांच्या संघाला किती? साडेचार! तुम्ही म्हणाल, हा उलटा न्याय कसा? तर १९७२ साली अमेरिकेत कायदा झाला, की सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने मुलगे आणि मुली यांना सारखी संधी दिली पाहिजे, खेळांतसुद्धा. मुलग्यांच्या एकट्या फुटबॉल संघातच ८५ शिष्यवृत्त्या जात. मुलींना फुटबॉल नाही. मग तोल साधायचा तर इतर खेळांत मुलींना जास्त आणि मुलग्यांना कमी, असे ठरले. कायद्याने फार मोठे काम केले यात मला शंका नाही. त्या कायद्याआधी तिथल्या मुलींना कॉलेजच्या खेळात जवळजवळ काही मिळत नव्हते. पण टेनिस खेळणाऱ्या मुलांना फुटबॉलचे बिल भरावे लागले, हेही खरे.

साडेचार शिष्यवृत्त्या आणि मुले आठ-दहा. म्हणजे कुणाला अर्धी, कुणाला पाव, कुणाला नुसती पुस्तके. प्रत्येकाच्या घरी जाऊन आईबापांना समजवायचे, की बाबांनो, एवढेच देता येईल, बाकीचे तुम्ही भरा. शेजारच्या मुलाला जास्त का, या प्रश्नाला तोंड द्यायचे. आणि मग त्याच मुलांना एकमेकांच्या कुंपणाशी उभे करून एकमेकांसाठी ओरडायला लावायचे. (२०२५ साली कोर्टातल्या एका तडजोडीनंतर हे नियम बदलले आणि शिष्यवृत्त्यांच्या आकड्याऐवजी संघातल्या खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा आली, पण शेल्टन यांच्या कारकिर्दीत हिशेब होता तो साडेचाराचाच.)

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. शेल्टन यांचा मुलगा बेन, जन्म २००२ चा. बाप टेनिसचा, मामा टॉड विट्स्केन हेही धंदेवाईक टेनिसपटू. एवढे असून पोराचे लक्ष लहानपणी टेनिसपेक्षा फुटबॉलमध्ये. अकरा-बारा वर्षांचा होईपर्यंत त्याने टेनिस मनावर घेतले नाही, आणि बापानेही त्याच्या मागे लकडा लावला नाही. टेनिसच्या जगात हे अगदी उरफाटे वर्तन समजावे. तिथे चार-पाच वर्षांच्या पोराच्या हाती रॅकेट देतात, दहाव्या वर्षी शाळा सोडवून अकादमीत ठेवतात, तेराव्या-चौदाव्या वर्षी परदेशी स्पर्धांना धाडतात. बेन चांगला खेळू लागल्यावर त्यालाही परदेशी स्पर्धांना जायचे होते. बरोबरीची मुले जात होती. बापाने नकार दिला. आधी आपल्या देशात जिंकून दाखव, आणि शाळेत जा. बेन इतर मुलांसारखा रोज शाळेत गेला. मग बापाच्याच संघात, फ्लोरिडा विद्यापीठात, विद्यार्थी म्हणून दाखल झाला.

गुरू आणि बाप एकच असणे ही अवघड जागा. आपलाच मुलगा शाळेत आपल्याच वर्गात बसला, की गुरुजींची काय तारांबळ होते ते गुरुजींना विचारा. त्याला चार गुण जास्त दिले तर लोक बोलतात. बोलतील म्हणून दोन कमी दिले तर घरी अबोला. संघात कोणाला कितव्या क्रमांकावर खेळवायचे हे प्रशिक्षक ठरवतो. २०२१ च्या मे महिन्यात फ्लोरिडाचा मुलांचा संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यात उतरला. ऑर्लँडो शहरात, बेलर विद्यापीठाविरुद्ध. संघात वरच्या जागांवर मोठी मुले होती आणि पहिल्या वर्षाचा बेन खालच्या क्रमांकावर. तीन गुण झाले आणि चौथा येऊन थांबला नेमका बेनच्या मैदानावर. त्याने तो जिंकला. ४-१. फ्लोरिडाच्या मुलांचे ते पहिले अजिंक्यपद, आणि मुलींचा व मुलग्यांचा अशा दोन्ही संघांना राष्ट्रीय सांघिक अजिंक्यपद मिळवून देणारे ब्रायन शेल्टन हे पहिले प्रशिक्षक ठरले. त्याच वर्षी संघातला सॅम रायफिस एकेरीतही विजेता झाला. पुढच्या वर्षी, २०२२ मध्ये, एकेरीचा मान बेनला.

त्यानंतर बेनने धंदेवाईक खेळात उडी घेतली. आणि गंमत ऐका: जानेवारी २०२३ मध्ये तो ऑस्ट्रेलियाला गेला, तेव्हा अमेरिकेबाहेर पाऊल टाकण्याची ही त्याची आयुष्यातली पहिलीच खेप! वीस वर्षांचा टेनिसपटू, आणि परदेश पाहिलेला नाही. तिथे त्याने थेट उपांत्यपूर्व फेरी गाठली. चौदाव्या वर्षी परदेशी पाठवले असते तर तो आणखी वर गेला असता का, हे कुणी सांगावे? त्याच्याइतके गुण असलेली पण लहानपणीच देशोदेशी फिरवलेली कित्येक मुले विशी गाठण्याआधीच खेळाला कंटाळतात, एवढे मात्र त्या खेळातले जाणते वारंवार सांगतात. सगळ्याच मुलांना हे माप बसेल असे मी म्हणणार नाही. बेनच्या घरी पहाटेपासून रात्रीपर्यंत शिकवायला विम्बल्डन गाजवलेला बाप होता. ही सोय ज्याच्याकडे नाही त्याला चांगल्या गुरूच्या शोधात घर सोडावेच लागते.

जून २०२३ मध्ये ब्रायन शेल्टननी आणखी एक निर्णय घेतला. फ्लोरिडासारख्या मोठ्या विद्यापीठातली मानाची, पगाराची जागा त्यांनी सोडली. दोन्ही संस्थांत मिळून पुरी चोवीस वर्षे त्यांनी कॉलेजच्या मुलामुलींना शिकवले होते. आता ते मुलाबरोबर पूर्ण वेळ फिरू लागले. यात धोका होता. कॉलेजात एक मुलगा हरला तर दुसरे पाच जिंकतात. इथे सहा मैदाने नाहीत, एकच. शिवाय नोकरी गेली तर दुसरी मिळते, पण पोराशी बिनसले तर? टेनिसमध्ये बाप-गुरू आणि मुलगा यांची तोंडे फिरल्याची उदाहरणे काही थोडीथोडकी नाहीत.

त्याच वर्षी सप्टेंबरात बेन अमेरिकेच्या खुल्या स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत गेला आणि जोकोविचकडून हरला. ऑक्टोबरात तोक्योला त्याने पहिली मोठी स्पर्धा जिंकली. ऑगस्ट २०२५ मध्ये टोरंटोला कॅनडाची स्पर्धा त्याने घेतली, जी मोजक्या चार मोठ्या स्पर्धांच्या खालोखालची मानतात. बापाची सर्वांत वरची जागा ५५वी. मुलगा पहिल्या दहांत जाऊन बसला. दूरचित्रवाणीवर त्याचा सामना कधी पाहिलात, तर मैदानाच्या कडेला गुरूंच्या जागेवर टोपी घातलेले एक शांत गृहस्थ बसलेले दिसतील. मुलगा सर्व्हिस मारून आरडाओरडा करतो, हातवारे करतो. गृहस्थ फार तर एखादी मूठ वळतात, दोन शब्द सांगतात, आणि पुढच्या चेंडूकडे बघू लागतात.